‘धोका टळला’ हे कुणी सांगायचं?

(पॉडकास्टच्या या भागाचं शब्दांकन. बोलण्याच्या ओघात आलेली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे, बाकी बोलणं जसंच्या तसं ठेवलं आहे.)

आज मी आमच्या टेकडीवरच्या मंडळाच्या ऑफिसात बसून बोलते आहे. त्यामुळे मध्येच कुणाच्या कुकरची शिट्टी ऐकू आली, किंवा पत्र्यावर पाऊस जोरात वाजायला लागला, तर समजून घ्या.

ज्यांनी आधीचे भाग ऐकले नसतील त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मी मुंबईच्या पूर्व उपनगरात, डोंगरउतारावरच्या एका वस्तीत राहते. खालच्या रस्त्यापासून माझ्या घरापर्यंत एकशे बेचाळीस पायऱ्या आहेत. घरी पोरांच्या शिकवण्या घेते, म्हणून लहानथोर सगळे मला ‘ताई’ म्हणतात. आणि गेली काही वर्षं आमच्या गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपची मी ॲडमिन आहे. हे पद मी मागितलं नव्हतं. ज्याच्या फोनला कायम चार्जिंग असतं त्याला ॲडमिन करतात, एवढंच.

आजचा विषय आहे शेजारची बातमी. डोंगरावर राहणाऱ्यांच्या आयुष्यात शेजाऱ्याने दिलेल्या बातमीची किंमत काय असते, आणि ती चुकीची दिली तर काय होतं. यात माझी स्वतःची एक चूक आहे. ती मी आजवर जाहीर कुठे बोलले नव्हते. आज बोलणार आहे.

आधी जरा मोठं चित्र बघू या.

३० जुलै २०१४. पुणे जिल्ह्यात आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव सकाळी डोंगराखाली गेलं. दीडशेहून जास्त माणसं गेली. ही बातमी बाहेर कशी कळली ते तुम्हाला आठवत असेल. एसटीचा एक ड्रायव्हर नेहमीच्या वेळी बस घेऊन गेला, आणि जिथे गाव असायला हवं तिथे गावच नव्हतं. जो रोज येतो, ज्याला गाव ओळखीचं आहे, त्याला कळलं.

मग २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातलं तळीये. ऐंशीहून जास्त माणसं. आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी. वाडीपर्यंत गाडीरस्ता नाही, त्यामुळे बचावाची माणसं अंधारात, भर पावसात डोंगर चढून गेली. सत्तावीस मृतदेह सापडले, सत्तावन्न माणसं बेपत्ता राहिली, आणि चार दिवसांनी शोध थांबवावा लागला. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असं सरकारनेच नंतर सांगितलं. हे मी मुद्दाम सांगते आहे. ‘आमचं नाव यादीत नाही, म्हणजे आम्ही सुरक्षित’ असं धरून चालू नका.

कुणी म्हणेल, ताई, हे गावाकडचं झालं. तर शहरातलं सांगते. जुलै २००० मध्ये घाटकोपरच्या आझाद नगरात डोंगराचा भाग घरांवर आला, साठहून जास्त माणसं गेली. जुलै २०१९ मध्ये मालाडच्या पिंपरीपाड्यात मध्यरात्रीनंतर भिंत कोसळली. जुलै २०२१ मध्ये एकाच रात्री चेंबूर आणि विक्रोळी. ओळीने पाहिलंत तर महिना बहुतेक वेळा जुलै, आणि वेळ पुष्कळदा रात्रीची किंवा पहाटेची. माणसं झोपलेली असतात.

आता आमच्या टेकडीवर या.

तीन पावसाळ्यांपूर्वीची गोष्ट. आमच्या वरच्या आळीच्या मागे दगडी संरक्षक भिंत होती. पंधरा-वीस फूट उंच. अशा भिंतीत ठरावीक अंतरावर पाइप बसवलेले असतात, मागच्या मातीत मुरलेलं पाणी त्यातून बाहेर पडावं म्हणून. पावसाळ्यात हे पाइप धो धो वाहायचे. पण ते पाणी पडायचं लोकांच्या दारात. मग कुणी ओटा बांधताना एक पाइप सिमेंटने लिंपला, कुणी चिंध्या कोंबल्या, काहींत माती आणि प्लास्टिक साचलं. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. दारात गढूळ पाणी कुणाला हवं असतं? पण पाणी अडलं की ते भिंतीच्या मागे साठतं, माती जड होते, आणि तो सगळा भार भिंतीवर येतो. हे आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं.

त्या आठवड्यात सोमवारी रात्री ग्रुपवर एक मेसेज आला. ‘वरची पाण्याची टाकी फुटली आहे, सगळ्यांनी लगेच खाली या, जास्तीत जास्त शेअर करा.’ सोबत एक व्हिडिओ. लोक पोरंबाळं घेऊन पावसात धावत सुटले. पायऱ्यांवर एक आजी पडल्या, त्यांचा हात मोडला. नंतर कळलं, व्हिडिओ भलत्याच राज्यातला, आणि दोन वर्षं जुना. ज्याने टाकला त्याला त्याच्या मेव्हण्याने पाठवला होता, मेव्हण्याला आणखी कुणी. लोक इतके चिडले की विचारू नका. निम्म्या लोकांनी ग्रुप म्यूट केला.

अफवेची खरी किंमत इथे असते. ती त्या रात्री पळवते ते पळवतेच, पण पुढच्या वेळी खरी बातमी आली तरी माणूस जागचा हलत नाही.

बुधवारी रात्री दहा पन्नासला आमच्या वरच्या आळीतल्या काकूंनी एक व्हॉइस मेसेज टाकला. तो माझ्या फोनमध्ये अजून आहे. काकू म्हणतात, ‘अगं बायांनो, आमचं मागचं दार लागंना झालंय. कालपर्यंत लागत होतं. पावसानं फुगलंय वाटतं. कुणाकडं रंधा आहे का?’

बस एवढंच. त्याच्या वर लाइट गेल्याची तक्रार, खाली कुणाचा तरी वाढदिवस, केकचे फोटो. एकाने उत्तर दिलं, ‘सकाळी बघू काकू.’

मी तो मेसेज साडेबाराला ऐकला. मला काही फार समजत होतं अशातला भाग नाही. पण काकूंच्या घराचं मागचं दार लोखंडी आहे हे मला माहीत होतं. त्या दाराला लावलेली दिवाळीची लाइट मी दर वर्षी बघते. लाकूड पावसाने फुगतं. लोखंड कसं फुगेल? दार लागत नाही म्हणजे चौकट तिरकी झाली. चौकट तिरकी झाली म्हणजे भिंत हलली.

शेजारच्या पोराला उठवलं, टॉर्च घेतली, वर गेलो. पाऊस चालू होता, पण भिंतीचे पाइप कोरडे. भिंतीच्या तळाशी मात्र दगडांच्या फटीतून तांबडं पाणी झिरपत होतं, आणि मधोमध भिंत पोट आल्यासारखी पुढे आली होती. आपत्ती कक्षाच्या नंबरवर फोन केला, नोंद झाली. आणि मग दारं ठोठावायला सुरुवात केली. सोमवारच्या प्रकारामुळे लोक शिव्या घालत उठले. एक दादा म्हणाले, ‘ताई, आज पण पिक्चर दाखवताय का?’ त्यांना हाताला धरून नेलं आणि टॉर्च मारून भिंत दाखवली. मग त्यांनीच पुढची चार घरं उठवली. नऊ घरं, एक्केचाळीस माणसं. सगळ्यांना समाजमंदिरात आणलं.

त्या रात्री काहीच झालं नाही.

गुरुवारी सकाळी माणसं आली, फोटो काढले, ‘उद्या इंजिनीअर येऊन बघतील’ म्हणाली. गुरुवारी पाऊस ओसरला. शुक्रवारी सकाळी चक्क ऊन पडलं. आता समाजमंदिरात काय परिस्थिती होती ते ऐका. एक्केचाळीस माणसांना एक संडास. पोरांची शाळा. बायकांना धुण्याभांड्याच्या कामावर जायचं, दोन दिवस खाडा झालेला. लोक मला विचारायला लागले, ‘ताई, काय करायचं? जायचं का घरी?’ इंजिनीअर अजून आले नव्हते. आणि मी, सकाळी नऊ वीसला, ग्रुपवर लिहिलं, ‘पाऊस थांबला आहे. धोका टळला. सर्वांनी आपापल्या घरी जायला हरकत नाही.’ पुढे हात जोडल्याचं चित्र.

हे लिहिणारी मी कोण होते? कुणीही नाही. शिकवण्या घेणारी बाई. पण दोन रात्रींपूर्वी माझं बरोबर निघालं होतं ना, म्हणून लोकांनी माझं ऐकलं.

दुपारी पावणेतीनला भिंत आली. लख्ख उन्हात. मोठी माणसं कामावर, पोरं शाळेत, म्हणून नऊपैकी आठ घरांत मागच्या खोलीत कुणी नव्हतं. काका होते. ते रात्रपाळीचे वॉचमन. रात्रभर उभं राहून सकाळी आले होते, झोपले होते. काकू खाली पाणी भरायला गेल्या होत्या. काका वाचले. डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. नोकरी गेली.

मी हॉस्पिटलात जायचे, डबा द्यायचे, परत यायचे. काकू मला कधी एक शब्द बोलल्या नाहीत. महिन्याभराने एकदा जिन्यात थांबून म्हणाल्या, ‘तुझा मेसेज मीच त्यांना वाचून दाखवला गं. म्हटलं, ताईंनी सांगितलंय, जा आता घरात आडवे व्हा.’ आणि डबा घेऊन आत गेल्या.

(थोडा वेळ शांतता)

असो. तर पाऊस थांबल्यावर भिंत का पडली? हे मी नंतर एका इंजिनीअरबाईंकडून समजून घेतलं. पाऊस थांबतो तो आपल्या डोक्यावरचा. मातीत मुरलेलं पाणी वरून खाली, आतल्या आत, पुढे दिवस-दोन दिवससुद्धा सरकत राहतं. वरचा थर वाळलेला दिसतो, आतली माती मात्र तेव्हाच सगळ्यात जड असू शकते. म्हणून ऊन पडलं हा धोका टळल्याचा पुरावा नाही. उतारावर राहणाऱ्या प्रत्येकाने हे एक वाक्य घरात लिहून ठेवावं.

त्यानंतर आम्ही काय बदललं ते सांगते. यात एक रुपयाची यंत्रणा नाही.

पहिलं म्हणजे ग्रुप दोन केले. एक गप्पांचा. तिथे वाढदिवस, केक, पाणी कधी येणार, सगळं. दुसरा फक्त धोक्याचा. त्यात फॉरवर्ड बंद. लिहायचं तर चारच गोष्टी लिहायच्या. काय पाहिलं, कुठे, किती वाजता, आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं का. ‘ऐकलं’ असेल तर आधी ज्याच्याकडून ऐकलं त्याला फोन करायचा. मागे एकाने बिबट्याचा व्हिडिओ टाकला, ‘आपल्या गल्लीत आत्ता’. मी विचारलं, भाऊ, आपल्या गल्लीत मारुतीचं देऊळ आहे, व्हिडिओत चर्च कसं काय? तर म्हणाला, सॉरी ताई. चेष्टा सोडा, पण बिबटे आमच्या बाजूला खरोखरच येतात. म्हणूनच खोटा बिबट्या परवडत नाही.

अनोळखी माणसांचे फोटो टाकणं पूर्ण बंद. ‘हा इसम संशयास्पद फिरतोय, पोरं पळवणारा असू शकतो’ असले मेसेज. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात अशाच अफवेवरून जमावाने पाच माणसांना ठार मारलं. ते भिक्षेकरी समाजाचे, पोट भरायला आलेले लोक होते. संशय आला तर ११२ ला फोन करा. फोटो काढून ग्रुपवर टाकू नका.

दुसरं, पाऊस मोजायला लागलो. हवामान खात्याचा अलर्ट आम्ही बघतोच. त्या रंगांचा अर्थ सोपा आहे. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे हालचाल करा. पण अलर्ट पूर्ण जिल्ह्याचा असतो, आणि आमच्या टेकडीवर किती पडला ते टेकडीलाच माहीत. म्हणून मंडळाच्या गच्चीवर सरळ बाजूंचा एक डबा ठेवलाय, वर-खाली सारख्याच रुंदीचा, आजूबाजूला झाड किंवा पत्रा नाही अशा जागी. रोज सकाळी साडेआठला शिकवणीची पोरं पट्टी बुडवतात. एक सेंटिमीटर पाणी म्हणजे दहा मिलिमीटर पाऊस. चोवीस तासांत साडेचौसष्टच्या वर गेला की हवामान खातं त्याला जोरदार म्हणतं, ११५.६ पासून अतिजोरदार, आणि २०४.४ च्या वर अत्यंत जोरदार. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ पडला होता, हे सांगितलं की पोरांचे डोळे मोठे होतात. आकडा फळ्यावर लिहितो. आधीच्या दोन दिवसांचा आकडाही शेजारी असतो, कारण आधी किती मुरलंय ते महत्त्वाचं.

तिसरं, लक्षणांची यादी. दार किंवा खिडकी अचानक लागेनाशी होणं. भिंतीला किंवा जमिनीला नवी भेग. विजेचा खांब, झाड, कुंपण कलणं. जिथे कधी पाणी नव्हतं तिथे झरा फुटणं, किंवा वाहता झरा एकाएकी बंद होणं. स्वच्छ पाणी गढूळ होणं. भिंतीला पोट येणं. आणि डोंगरातून घरघर ऐकू येणं. यातलं शेवटचं ऐकू आलं तर ग्रुपवर लिहीत बसू नका, निघा. माती ज्या दिशेने येईल त्या दिशेने खाली न पळता बाजूला पळा. इथे अनुभव आहे तो बायकांचा. दार लागत नाही, ओट्याला भेग गेली, मोरीत माती येतेय, हे आधी त्यांना दिसतं. पण त्या ‘धोका आहे’ असं म्हणत नाहीत, ‘रंधा आहे का’ असं विचारतात. ऐकणाऱ्याला ते समजलं पाहिजे.

चौथं, ज्यांच्याकडे फोन नाही ते. आमच्याकडे प्रत्येक पाच घरांमागे एक माणूस ठरलेला आहे. त्याने दार ठोठवायचं. लाइट गेली, नेटवर्क गेलं, तर थाळी वाजवायची. कोण उचलून न्यावं लागेल, कुठे बाळंतीण आहे, कुठे एकट्या आजी राहतात, याची यादी कागदावर आहे आणि फक्त दोघींकडे आहे. ती ग्रुपवर टाकत नाही. कुठल्या घरात म्हातारं माणूस एकटं आहे ही बातमी सगळ्या जगाला द्यायची गरज नाही.

पाचवं. पाइप. दर मेमध्ये, पावसाच्या आधी, श्रमदान करून नवीन भिंतीचे सगळे पाइप मोकळे करतो. दारात पाणी पडतं त्यांच्यासाठी वर्गणी काढून छोटी पन्हाळ लावून दिली. भांडण मिटलं, पाइपही वाचले.

आणि सहावं, ‘धोका टळला’ हे आमच्या ग्रुपवर आता कुणी एकट्याने लिहीत नाही. मी तर नाहीच. तीन गोष्टी झाल्या पाहिजेत. सलग दोन दिवस डबा कोरडा. दिवसाउजेडी दोन वेगवेगळ्या माणसांनी भिंतीची दोन्ही टोकं पाहिलेली. आणि इंजिनीअर येऊन गेलेले. इंजिनीअर आले नाहीत तर त्यांना बोलावत राहायचं, रोज फोन, रोज तक्रार क्रमांक लिहून ठेवायचा. तोवर समाजमंदिरात जेवण कोण करणार, संडासासाठी कुणाचं घर उघडं राहणार, कुणाच्या मालकिणीला फोन करून सुट्टी सांगायची, हे आधीच ठरलेलं असतं. कारण लोक मूर्ख म्हणून घरी परतत नाहीत. खाडा परवडत नाही, संडास नाही, म्हणून परततात. त्या दिवशी मी मेसेज लिहिला तोही त्याच घाईपोटी.

आता मला नेहमी विचारलं जाणारा प्रश्न. ‘एवढा धोका आहे तर राहता कशाला तिथे?’ दर मेमध्ये आमच्या दारांवर घर खाली करायची नोटीस लागते. त्यात कुठे जा हे लिहिलेलं नसतं. माझ्या वडिलांनी ही खोली घेतली तेव्हा खाली कारखाना होता, पायी कामावर जाता यायचं. आता कारखाना नाही, पण शाळा इथे आहे, कामं इथे आहेत, आणि सपाटीवरचं भाडं आम्हाला झेपत नाही. हक्काच्या पुनर्वसनासाठी आमचा पाठपुरावा चालू आहे, त्यावर वेगळा भाग करीन. डबा आणि थाळी हा पुनर्वसनाला पर्याय नाही, हे मला पक्कं माहीत आहे. पण पुनर्वसन होईपर्यंतच्या प्रत्येक जुलैमध्ये रात्री झोपायचं तर इथेच आहे.

काका आता मंडळाच्या ऑफिसात बसतात. पावसाचा फळा तेच लिहितात, अक्षर सुंदर आहे त्यांचं. हा भाग करू का, असं त्यांना आधी विचारलं. म्हणाले, ‘कर. पण डब्यातली पालापाचोळ्याची जाळी बदलायला सांग पोरांना, आकडा कमी येतोय.’

तर मंडळी, उतारावर राहत असाल तर आज एवढंच करा. घराच्या मागे जाऊन भिंतीचे पाइप वाहतायत का ते बघा. आणि आपत्तीचे नंबर फोनमध्ये टाकून ठेवा. ११२ कुठूनही, मुंबईत १९१६, जिल्ह्यात १०७७, ॲम्ब्युलन्सला १०८. तुमच्या वस्तीत काय पद्धत आहे ते मला नक्की कळवा, पुढच्या भागात वाचून दाखवीन.

आज सकाळचा आमचा आकडा अडतीस मिलिमीटर. कालचा एकोणसाठ. त्यामुळे आज रात्री फोन उशाशी.

भेटू पुढच्या भागात. सांभाळून राहा. नमस्कार.